नराच्या आईची चौकशी कोण करणार?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर मधमाशीपालनाबद्दलचा मजकूर अधूनमधून प्रसिद्ध होतो आणि दिंडोरी, निफाड, पेठ, सुरगाणा या भागांतील पेटीधारक तो आवर्जून वाचतात. या मजकुरात राणीबद्दल सविस्तर लिहिलेले असते, कामकरी माश्यांच्या कष्टांचे कौतुक असते, मधाच्या दराचा हिशेबही असतो. नर माशीच्या वाट्याला मात्र बहुधा एकच वाक्य येते, ते म्हणजे 'नर काहीच काम करीत नाही, तो केवळ मध खातो.' गेल्या महिन्यातील लेखात तर पेटीत नरांची घरे दिसली की ती कापून टाकावीत, म्हणजे मधाची नासाडी थांबेल, असा सल्लाही होता. हाच सल्ला काही वर्षांपूर्वी मला एका प्रशिक्षण वर्गात मिळाला होता. मी तो इमानेइतबारे पाळला आणि त्यातून माझ्या सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांची जी अवस्था झाली, तिच्यामुळेच हे पत्र लिहीत आहे.

माझी शेती दिंडोरी तालुक्यात आहे. थोडी द्राक्षबाग आणि बाकी कांदा. द्राक्षाला मधमाशीची फारशी गरज नसते, कारण त्याचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते. कांद्याच्या बियाण्याचे मात्र तसे नाही. डेंगळ्याच्या गोंड्यातील प्रत्येक फुलात परागकण आधी मोकळे होतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेणारे कोणी आले नाही तर उळे भरत नाही. शिवाय कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम अधिक असल्याने माश्या त्याच्याकडे फारशा आनंदाने वळत नाहीत. म्हणून पेट्या भरलेल्या आणि जोमदार असणे आमच्यासाठी हौसेचा नव्हे, तर उत्पन्नाचा प्रश्न असतो.

मी सुरुवात सातेरीच्या एका पेटीने केली. वसाहत स्वभावाने शांत होती आणि मधही बरा देत होती, म्हणून तीच फोडून दोन केल्या, दोनाच्या चार केल्या आणि चौथ्या वर्षी माझ्याकडे चौदा पेट्या झाल्या. सर्व एकाच घराण्यातल्या, आणि प्रत्येक पेटीतील नरांची घरे मी सुरीने नियमित कापत असे. त्याच वर्षी चौकटी उचलल्यावर अंडी-अळ्यांचे पोळे चाळणीसारखे दिसू लागले. दहा बंद घरांमागे दोन-तीन घरे रिकामी, एका पेटीत तर जवळजवळ निम्मी. पहिला संशय थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या रोगाचा आला, कारण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहती या रोगाने कशा उद्ध्वस्त केल्या, हे जुन्या मधपाळांकडून ऐकले होते. पण त्या रोगात अळी घरातच मरते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लोंबते. माझ्याकडे मेलेली अळी कुठेच नव्हती. घरे स्वच्छ पुसल्यासारखी होती. राण्या म्हाताऱ्या झाल्या असतील म्हणून बदलल्या, परंतु नव्या राण्या त्याच घराण्यातल्या असल्यामुळे काहीच बदलले नाही. खरे कारण कळायला आणखी एक हंगाम गेला, आणि ते कारण नरांमध्ये होते.

नराचा जन्मच निराळ्या रीतीने होतो. राणीने घातलेले जे अंडे फलित होते त्यातून मादी निपजते, मग ती कामकरी असो वा पुढची राणी; जे अंडे फलित होत नाही त्यातून नर निपजतो. सायलेशियातील यान झिएर्जोन या धर्मगुरूने १८४५ साली हे मांडले तेव्हा ते पुष्कळांना पटले नव्हते, आणि आजही एखाद्या प्रशिक्षण वर्गात 'नराला बाप नसतो' असे सांगितले की हशा पिकतो. नराला बाप नसतो, पण आजोबा असतो, हे त्यातले खरे कोडे. कामकरी माशीच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात आणि नराच्या पेशीत १६, म्हणजे फक्त आईकडून आलेली. वाटणी करायला गुणसूत्रांची दुसरी जोडीच नसल्यामुळे एका नराच्या शरीरात तयार होणारे लाखो शुक्राणू एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात. दुसऱ्या शब्दांत, नर म्हणजे त्याच्या आईचे एक अंडे, ज्याच्या लाखो प्रती निघाल्या आहेत.

या एका गोष्टीवरून पुढचा सारा व्यवहार ठरतो, म्हणून ती जरा सावकाश सांगतो. आपल्याकडे गाय माजावर आली की कृत्रिम रेतनासाठी आलेल्या डॉक्टरांना शेतकरी आधी विचारतो, वळू कोणता आणि त्याच्या आईचे दूध किती होते. वळू स्वतः दूध देत नाही, तरी त्याच्या आईचे दूध विचारल्याशिवाय आपण रेतमात्रा घेत नाही. मधमाशीच्या बाबतीत तर नर हा सर्वस्वी आईचाच असतो; त्यामुळे नर निवडणे म्हणजे त्याच्या आईची पेटी निवडणे, याखेरीज दुसरा अर्थ नाही. आणि नेमकी हीच चौकशी आपण करीत नाही. चांगल्या पेटीतून राणी तयार करतो, तिच्या पायगुणावर विश्वास टाकतो, आणि तिच्या लेकींच्या अर्ध्या गुणांचा धनी कोण, हा प्रश्न वाऱ्यावर सोडतो.

वाऱ्यावर हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. मेलिफेरा या परदेशी माशीत कामकरी २१ दिवसांत, राणी १६ दिवसांत आणि नर २४ दिवसांत अंड्यापासून पूर्ण होतो. सातेरीत थोडाफार फरक पडतो. बाहेर पडल्यावर नर लगेच उपयोगाचा नसतो, त्याला वयात यायला आणखी दहा-बारा दिवस लागतात. त्याला डंख नसतो, पराग वाहायच्या टोपल्या नसतात, मेण स्रवणाऱ्या ग्रंथी नसतात. त्याचे मोठाले डोळे मात्र डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात, कारण त्याचे काम आकाशात आहे. ऊन असलेल्या दिवशी ठरावीक वेळी आसपासच्या अनेक वसाहतींतील नर दहा ते चाळीस मीटर उंचीवर एका विशिष्ट जागी जमतात. आश्चर्य असे की या जागा वर्षानुवर्षे त्याच राहतात, जरी गेल्या हंगामातील एकही नर ती दाखवायला जिवंत नसतो. राणी तेथे जाते, एक-दोन उड्डाणांत दहा-वीस नरांशी तिचा संयोग होतो, संयोग झालेला प्रत्येक नर तत्क्षणी मरतो, आणि राणी शुक्राणूंचा तो साठा पोटातील एका लहान पिशवीत आयुष्यभर पुरवते. त्यानंतर ती पुन्हा कधीही संयोगासाठी बाहेर पडत नाही. म्हणजे ज्या दुपारी आपण द्राक्षाची विरळणी किंवा कांद्याची खुरपणी करीत असतो, त्या दुपारी पुढच्या दोन-तीन वर्षांचा निकाल आपल्या डोक्यावर लागून गेलेला असतो.

येथे एक आडवळण घेतो. सातेरीच्या नरांच्या घराचे झाकण टोकदार असते आणि त्याच्या मधोमध टाचणीने पाडल्यासारखे एक बारीक छिद्र असते. मेलिफेराच्या झाकणाला ते नसते. माझ्या शेजारच्या मळ्यातील एका तरुण पेटीधारकाने ही छिद्रे पाहून कीड लागली असे समजून दोन चौकटी जाळल्या. एवढी साधी गोष्ट माहितीपुस्तिकेत चित्रासह छापता आली असती.

आता माझ्या चाळणीसारख्या पोळ्याकडे वळतो. मधमाशीचे लिंग एका जनुकावर ठरते; ते कोणते, हे २००३ साली संशोधकांनी दाखवून दिले. या जनुकाचे अनेक प्रकार आहेत. फलित अंड्यात आईकडून एक प्रकार आणि बापाकडून दुसरा प्रकार आला तर मादी होते. दोन्हीकडून एकच प्रकार आला तर फलित असूनही त्यातून नर होतो, ज्याला द्विगुणित नर म्हणतात. असा नर निकामी असतो आणि कामकरी माश्या तो ओळखतात. पोलंडचे येर्झी वॉयके यांनी १९६३ साली सिद्ध केले की अशी अळी अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच कामकरी तिला खाऊन टाकतात. घर रिकामे आणि स्वच्छ राहते ते याचमुळे. राणीचा जनुक-प्रकार ज्या नराच्या प्रकाराशी जुळला, त्या नराच्या वाट्याची निम्मी अंडी अशी वाया जातात. परिसरात दहा प्रकार समप्रमाणात नांदत असतील तर सरासरी दहा टक्के, पाचच असतील तर वीस टक्के अळ्या जातात. माझ्याकडे सगळ्या पेट्या एकाच आईच्या पोटच्या, आसपास सातेरीची रानटी मोहोळे जवळपास नाहीत, आणि उरलेसुरले नर मीच कापून टाकलेले. बहिणींना भावांशिवाय आणि चुलतभावांशिवाय वर मिळणार कुठून? सुरगाण्याच्या बाजूने तीन निरनिराळ्या ठिकाणच्या वसाहती आणल्या, त्यांच्यातील नरांना हात लावला नाही, आणि पुढच्या हंगामात नव्या राण्यांचे पोळे पुन्हा भरून आले. हे कोणत्याही औषधाने झाले नसते.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. जानेवारी ते मार्च या काळात कांदा बियाण्याच्या आणि डाळिंबाच्या परागीकरणासाठी बाहेरून मेलिफेराच्या पेट्या मोठ्या संख्येने येतात. ही माशी मूळची आपली नव्हे. १९६०च्या दशकात हिमाचलातील नगरोटा येथे तिचा भारतात जम बसला. ती मध जास्त देते आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु 'मेलिफेराच्या नरांमुळे आपली सातेरी सुधारेल, संकर होईल' असे जे काही मंडळी सांगतात, ते साफ चुकीचे आहे. या दोन वेगळ्या जाती आहेत. कृत्रिम रेतनाने संकर घडवून पाहिला तेव्हा भ्रूण अगदी प्रारंभीच्या अवस्थेत मेल्याचे आढळले. दोन्ही जातींच्या राणीचा गंध नराला सारखाच ओढतो, म्हणजे परक्या नराची गर्दी झाली तर नुकसानच व्हायचे. निसर्गाने आपल्या देशी माश्यांमध्ये यावर वेळेची तोड काढली आहे. श्रीलंकेत १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत फुलोरी माशीचे नर दुपारी बारा ते अडीच, सातेरीचे सव्वाचार ते सव्वापाच आणि आग्यामोहोळाचे संध्याकाळी सहा ते पावणेसात या वेळेत उडताना आढळले. एकाच आभाळाच्या तीन पाळ्या लावल्यासारखे हे आहे. मेलिफेराचे पूर्वज या वाटणीत कधी नव्हतेच, त्यामुळे तिची दुपार सातेरीच्या वेळेत किती शिरते, हे आपल्या जिल्ह्यात कोणीतरी घड्याळ लावून पाहायला हवे.

नियंत्रित पैदास म्हटले की लोकांना लगेच सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा आठवते. ती पद्धत आहेच. १९२०च्या दशकात अमेरिकेत लॉइड वॉटसन यांनी राणीचे कृत्रिम रेतन करून दाखवले आणि पुढे हॅरी लेडलॉ यांनी राणीच्या शरीरातील अडथळा ठरणारी घडी ओळखून ही पद्धत भरवशाची केली. कार्बन डायऑक्साइडने राणीला गुंगी देतात, एकेका नराकडून साधारण एक मायक्रोलिटर वीर्य गोळा करतात आणि आठ-दहा मायक्रोलिटर राणीला देतात. सातेरीच्या नराकडून मिळणारे वीर्य त्याहून पुष्कळ कमी असते, त्यामुळे काम अधिक जिकिरीचे होते. हे काम पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी व्हावे. ते दिंडोरीच्या मळ्यात करावे, असे मी म्हणणार नाही.

दुसरी वाट एकांताची. जर्मनीने उत्तर समुद्रातील बेटांवर पैदास केंद्रे चालवली, इंग्लंडमध्ये ब्रदर ॲडम यांनी १९२५पासून डार्टमूरच्या उजाड माळावर ती चालवली. तेथे निवडक वसाहतींखेरीज नरच नसत. आपल्याकडे बेट नाही, आणि कॅनडातील १९५७च्या एका अभ्यासात तब्बल १६ किलोमीटर अंतरावरच्या नरांशीही राणीचा संयोग झाल्याचे आढळल्यामुळे दोन गावांचे अंतर पुरेसे आहे, असे कोणी समजू नये. तिसरी एक युक्ती ऑस्ट्रेलियात वापरतात: निवडलेल्या राण्या आणि नर दुपारभर गार, अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायचे आणि इतर वसाहतींचे नर परतल्यावर उशिरा सोडायचे. आपल्या जिल्ह्यात द्राक्षासाठी शीतगृहे आहेत, पण ती या कामाला फारच थंड. जाड भिंतींची एखादी गार खोली मेलिफेरा पाळणाऱ्याने करून पाहण्यासारखी आहे.

सातेरीसाठी मात्र मला चौथी, सर्वांत साधी वाट योग्य वाटते, ती म्हणजे चांगल्या नरांची भरती करणे. ज्या पाच-सहा वसाहती शांत, रोगाला तोंड देणाऱ्या आणि घर न सोडणाऱ्या आहेत, त्यांच्या एकेका चौकटीचा खालचा भाग मेणपत्रा (घरांचा साचा उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) न लावता मोकळा सोडला तर माश्या तेथे आपोआप नरांची घरे बांधतात. हिशेब वेळेचा आहे. नर अंड्यापासून वयात यायला मेलिफेरात साधारण ३६ दिवस, राणी अंड्यापासून उड्डाणाला यायला साधारण २२ दिवस. म्हणजे नराचे अंडे राणीच्या अंड्याच्या दोन आठवडे आधी पडलेले हवे. हाताशी वही नसेल तर एवढे लक्षात ठेवले तरी पुरते की राण्या तयार करायला घेण्यापूर्वी नरांच्या घरांना झाकणे लागलेली असावीत. आजूबाजूच्या रानटी मोहोळांचे नर यात मिसळणारच, आणि सातेरीच्या बाबतीत ते मिसळावेत असेच माझे मत आहे. पूर्ण बंदिस्त पैदासीने जनुकांचे प्रकार कमी होतात आणि मग माझ्यासारखी चाळण नशिबी येते. पैदासीवर नियंत्रण हवे, परंतु ते एकाच आईच्या पायाशी नको.

नरांची घरे कधीच कापू नयेत, असे मी म्हणत नाही. व्हरोआ हा कोळीवर्गीय परजीवी मेलिफेराच्या नरांच्या घरांत कामकरींच्या घरांपेक्षा कितीतरी अधिक जातो, त्यामुळे ती घरे आमिष म्हणून वापरून काढून टाकणे हा एक मान्य उपाय आहे. पण तो उपाय मेलिफेराचा, तोही निवडीबाहेरच्या वसाहतींसाठी. सातेरी ही या परजीवीची मूळची यजमान आहे आणि तिच्यात तो केवळ नरांच्या घरांतच वाढतो, कामकरींच्या घरांत नाही. या जुन्या शत्रूशी तिने आपला समझोता केलेला आहे. एका माशीचा उपाय दुसरीवर लादला की काय होते, हे मी भोगले आहे.

आता मागणे. केंद्राच्या मधमाशीपालन अभियानातून आणि राज्याच्या योजनांतून जिल्ह्यात पेट्या वाटल्या जातात, त्यांची संख्या छापून येते. प्रत्येक पेटीवर तिची वसाहत कोणत्या गावच्या, कोणत्या मूळ वसाहतीतून आली हे लिहावे, आणि एका गावाला एकाच आईच्या वसाहती देऊ नयेत. यासाठी रंगाचा डबा आणि एक वही पुरते. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात, जेथे रानटी सातेरी अजून नांदते, तेथे एखादी दरी सातेरीच्या पैदासीसाठी ठरवावी आणि खुरासणी फुललेल्या आठवड्यांत तेथे मेलिफेराच्या पेट्या लावू नयेत. खुरासणीचे पीक स्वतःच्या परागावर फळत नाही, त्यामुळे तेथील शेतकऱ्याला त्याच पेट्यांचा दुहेरी लाभ होईल. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे सातेरीचा दीर्घ अनुभव आहे; त्यांच्या तज्ज्ञांनी एक हंगाम आमच्या बाजूला घालवला तर दरी निवडण्याचे काम सोपे होईल. मोहोळ काढणाऱ्या कोकणा आणि महादेव कोळी बांधवांना या निवडीत आधी विचारावे, कारण कोणत्या कड्याखालची माशी शांत आणि कोणती चिडखोर, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

खुरासणी सप्टेंबरअखेर फुलू लागते, पराग मुबलक झाला की सातेरी नर वाढवायला घेते, आणि नेमक्या त्याच वेळी आमच्याकडे सुऱ्या निघतात. तेव्हा गेल्या महिन्यातील लेखातील त्या सल्ल्याची दुरुस्ती, आणि जमल्यास सातेरीच्या नरघराचे छिद्रासह एक स्पष्ट छायाचित्र, आपण सप्टेंबरपूर्वी त्याच पानावर प्रसिद्ध करावे, ही विनंती. छायाचित्र हवे असल्यास माझ्याकडील चौकटी त्यासाठी केव्हाही उघडून देईन.

आपला,
एक सातेरीपालक शेतकरी
ता. दिंडोरी, जि. नाशिक